जुळत नाही

किडनी देणाऱ्याशी एकांतात बोलणं हे माझं काम. तो पैशासाठी देत नाही, कुणाच्या दडपणाखाली देत नाही, हे कायद्याप्रमाणे आधी मी तपासायचं आणि मग समितीने. नातेवाईक दाराबाहेर. ते दाराला कान लावतात, म्हणून खोलीतला पंखा खडखडता ठेवलाय. तो दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी दोनदा परत पाठवलं.

आतला माणूस 'नाही' म्हणाला, तर बाहेर आम्ही 'जुळत नाही' एवढंच सांगतो. डॉक्टरही तेच सांगतात. खोटंच आहे ते, पण खरं सांगितलं तर त्या माणसाला घरात कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

त्या दिवशी आलेली बाई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. मोठ्या भावाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, भावजयीला मधुमेह, त्यामुळे सगळ्यांचे डोळे हिच्याकडे. पर्स मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "मला नाही द्यायची. कारण सांगावं लागतं का?"

"नाही."

"मग नाही."

मी बाहेर निरोप दिला. भावजय रडली, भावाने नुसती मान हलवली.

बारा दिवसांनी बाई परत आली, एकटीच. "द्यायची म्हणते."

असं मन बदललं की मागे बहुतेक कुणीतरी उभं असतं. मी जरा खवटपणेच विचारलं, "घरी कोण काय बोललं?"

"कुणीच काही बोललं नाही, तेच तर. दादाने सगळ्यांना बजावलंय, हिला एक शब्द बोलायचा नाही. वहिनी दमूनभागून येते आणि मलाच विचारते, तुझी तब्येत बरी आहे ना? मनाला खातं हो, ताई. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या."

चांगुलपणाला दडपण म्हणायचं का, हे नियमात कुठेच नाही. पण अडचण दुसरीच होती. जुळत नाही म्हणून सांगून बसलो होतो. आता जुळतं म्हटलं, की ही नाही म्हणाली होती ते उघड होणार. "भावाला तुमचं तुम्ही सांगायचं," मी म्हटलं. तिने तिथूनच फोन लावला.

तो डायलिसिस आटोपून आला, हाताला पट्टी तशीच. मी त्याला माझी खुर्ची दिली. खाली बघत तिने सांगून टाकलं, "जुळत होतं, दादा. मीच नाही म्हणाले."

"माहितीये."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कानावर हात ठेवले.

"यांनी नाही सांगितलं," तो म्हणाला. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. बाबांच्या वेळी मी याच खोलीत बसलो होतो. मीही नाही म्हणालो. बाहेर याच मॅडमनी सांगितलं, जुळत नाही. तेच शब्द."

अकरा वर्षं झाली म्हणे. मला तो आठवेना. माझ्यापुढे इतकी माणसं बसतात, कोण लक्षात राहणार? पण वाईट वाटलं. त्या निरोपाने घरं टिकतात असं मी सगळ्यांना सांगत आले. निरोप ज्याच्यासाठी दिला त्याचं पुढे काय होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

तिचा चेहरा उतरला होता तो आता तापला. "बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, पोरगा द्यायला तयार होता, माझंच नशीब फुटकं. तू तिथेच बसलेला असायचास."

"हो."

"अकरा वर्षं तोंडातून शब्द काढला नाहीस."

"नाही काढला. तुझं कळलं तेव्हा हलकं वाटलं. म्हटलं, घरात मी एकटाच नाही. म्हणून तुला कुणाला बोलू दिलं नाही."

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. नियमच आहे तसा. शिवाय मलाही त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

"आजही नाही म्हणता येतं," मी तिला म्हटलं. "घरच्यांना पुन्हा तोच निरोप जाईल."

ती म्हणाली, "मला त्याचा भयंकर राग आलाय. तोंड बघवत नाही त्याचं."

"दिसतंय."

"रागात दिली तर चालते का?"

कायदा मला तोंडपाठ आहे. पैसा चालत नाही, धाक चालत नाही, फसवणूक चालत नाही. रागाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

"चालते," मी म्हटलं. "पण अजून महिनाभर तपासण्या आहेत. तोवर विचार करा. रागाच्या भरात आज हो म्हणाल आणि..."

"विचार झालाय." तिने माझ्या हातातून पेन घेतलं. "बाबा गेले, त्यांना काही सांगता येत नाही. हाही गेला तर मी भांडू कुणाशी?"