बगलेखालच्या दोन पट्ट्या

माझ्या ठमीच्या नव्या शाळेचा जुना ब्लेझर जाऊबाईंच्या हातून घ्यायचा नाही, हे मी नवऱ्याला तीनदा बजावलं होतं. आदल्या दिवशी एकदा, तो चपला घालत होता तेव्हा एकदा, आणि तो फाटकाशी पोचला तेव्हा खिडकीतून ओरडून एकदा. शेजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी तिथल्या हॉलमध्ये पालक जुने गणवेश मांडतात. कुणाचं कुणाकडे गेलं ते कळू नये म्हणून कॉलरच्या आतली नावाची पट्टी आधी कापून टाकायची, असा नियम आहे. पट्ट्या कापायचं काम दरवर्षी माझ्या मोठ्या जाऊबाई करतात; त्यांची मुलगी तिथेच शिकते. कात्री हातात आली की बाईंच्या अंगात न्यायाधीश संचारतो. मला तिथे पाऊल टाकायचं नव्हतं. पण दुकानात ठमीचं माप संपलं होतं, नवा माल पंधरा दिवसांनी येणार होता, आणि सोमवारी ब्लेझर नसेल तर फाटकातूनच परत पाठवतात.

जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. त्यांच्या मुलीला जे जे आखूड झालं ते जिन्याने खाली आलं, आणि मी मुकाट्याने घेत गेले. मग गेल्या वर्षी पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत पुतणी ठमीला म्हणाली, "तो माझा फ्रॉक आहे. बसू नकोस, चुरगळेल." जाऊबाई कौतुकाने हसल्या. ठमी संध्याकाळपर्यंत उभी राहिली. मी खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. त्या दिवसापासून मला ती बाई डोळ्यांसमोर नको असते.

शनिवारी नवरा गडद लाल ब्लेझर घेऊन आला. कापड चांगलं होतं, कोपरं झिजलेली नव्हती. ठमीने लगेच घातला आणि आरशापुढे उभी राहिली. या शाळेची परीक्षा ती स्वतःच्या जिवावर पास झाली होती, त्यामुळे नाकाचा शेंडा आधीच आभाळात होता.

"बसतोय गं आई," ती म्हणाली. पण श्वास रोखून म्हणाली. छातीवर बटणं ताणली होती आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"त्यात काय, मार्जिन सोडते," मी म्हणाले. आयुष्यभर लोकांचे कपडे सैल आणि घट्ट करते आहे मी. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड असतंच, ते सोडलं की झालं.

अस्तर उसवलं. आत मार्जिन नव्हतं. शिवणीला अगदी लागून कापड छाटलेलं होतं, आणि कडेला बारीक तिरपा टाका घातला होता. तो टाका या गावात फक्त एक बाई घालते. ती मी.

गेल्या वर्षी जाऊबाई हाच ब्लेझर नवाकोरा घेऊन खाली आल्या होत्या. मोठ्या मापाचा घेतला होता. "जरा आत घे. कापड मात्र छाटू नकोस हं, पोरगी वाढेल तसं सोडता येईल. आणि पुढे ठमीला होईलच की!" पुढे ठमीला. फ्रॉकची गोष्ट होऊन आठ दिवससुद्धा झाले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वर गेल्या आणि मी कात्री घेऊन सगळं मार्जिन छाटलं. आता वर्षभरात घट्ट होईल, फेकून द्यावा लागेल, आणि माझ्या पोरीपर्यंत कधीच पोचणार नाही. कापलेल्या पट्ट्या जोडून मी टाचण्या खोचायची गादी केली. ती वर्षभर खिडकीत, मशीनशेजारी होती. टाचणी खोचताना दर वेळी मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

"कुणी दिला हा?" मी नवऱ्याला विचारलं.

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "वहिनींनी. बाकीचे सगळे लहान होते गं. त्या म्हणाल्या, घ्या भावोजी, ठमीच्याच अंगचा आहे."

मी ब्लेझर उचलला आणि जिना चढले. जाऊबाई वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसल्या होत्या.

"माहीत असून दिलात हा?"

"मी तर पट्टी कापून दिला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू सगळाच कापून दिला होतास."

मी ब्लेझर पाठीमागे घेतला.

"सात महिन्यांत घट्ट झाला. चौकातल्या टेलरकडे नेला, तर त्याने अस्तर उसवून विचारलं, बाई, तुमच्यावर कुणाचा एवढा राग आहे?"

"मग तेव्हाच यायचं होतं ताई, भांडायला."

"कशाला? ठेवून दिला. ठमी या शाळेत येणार, हे कळलं तेव्हा आठवण झाली." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "शिवणकाम येतं ना तुला? कर काहीतरी."

रविवारी सकाळी मी गादी फोडली. आतला भुसा टेबलावर सांडला. पट्ट्या सुट्या करून बगलेखालच्या दोन्ही शिवणींत बसवल्या. मापाला बरोबर झाल्या, होणारच होत्या. पण वर्षभर उन्हात राहून त्या फिकट विटकरी झाल्या होत्या, आणि टाचण्यांच्या भोकांनी चाळण झाली होती. उलट्या लावून पाहिल्या तर आणखी वाईट. जेवढी शिवी त्या बाईला घालत होते, तेवढीच मला लागत होती, आणि त्याने राग कमी होत नव्हता.

ठमीने घातला. आता श्वास घेता येत होता. हात खाली असले की काही दिसत नव्हतं. हात वर गेला की बगलेखाली दोन फिकट पट्टे दिसायचे, थेट कमरेपर्यंत.

"हात वर करू नकोस," मी म्हणाले. "पंधरा दिवस फक्त. नवा माल आला की दुसरा घेऊ. तोवर पुतणीला आणि तिच्या मैत्रिणींना हसायला निमित्त नको."

"बरं," ठमी म्हणाली.

सोमवारी ती घरी आली, ब्लेझर खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला, आणि हात धुवायला गेली. जुन्या शाळेतून आली की दारातूनच सुरू व्हायची, बाईंनी काय विचारलं, हिने काय सांगितलं. आज फक्त नळाचा आवाज.

"कशी आहे शाळा?"

"छान आहे."

"कुणी हसलं का?"

"नाही. कुणाला काही दिसलंच नाही."

माझा जीव भांड्यात पडला. "बाईंनी काही विचारलं का वर्गात?"

"पाच प्रश्न विचारले." तिने टॉवेलला हात पुसले. "मला पाचही येत होते."

"मग?"

ठमीने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"हात कसा वर करणार, आई?"