मामांनी सात पाण्यांनी धुतलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे, आणि खरं सांगायचं तर आता दमले आहे. सध्या प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर पडून असते. पोटात पाणी नाही, मासा नाही. एक कोळी तेवढा राहायला आला आहे. त्याच्याशी काय बोलणार? म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म पाच काचांचा. एका कारागिराने त्या कापल्या, कडा घासल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांत रबरासारखा चिकट लेप भरून जोडल्या. "थेंब गळायचा नाही," म्हणत त्याने मला थोपटलं. आणि खरंच, थेंब कधी गळला नाही. मला वाटलं होतं, एखाद्या बैठकीच्या खोलीत जाईन, रंगीत मासे पोहतील, मुलं काचेला नाक लावून बघतील. पण नशिबात आली ही प्रयोगशाळा.

इथे कारखान्यांची रसायनं तपासायला येत. एखादं रसायन ओढ्यात गेलं तर तिथल्या जीवांचं काय होईल, हे आधी आम्हा सहा बहिणींच्या पोटात पाहायचं. एकीत निव्वळ पाणी, बाकी पाचजणींत रसायन, चढत्या मापाने. प्रत्येकीत नखाएवढे दहा मासे. चार दिवस मोजायचं, किती जगले, किती गेले. मोजायच्या त्या काकू, इथल्या तपासनीस. मेलेला मासा जाळीने उचलताना त्या दर वेळी "अगं बाई गं" म्हणत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं ते "अगं बाई गं" काही सुटलं नाही. मला मात्र सवय झाली. मरण रोज पाहिलं की त्याचाही कंटाळा येतो. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आम्हाला धुवायचं काम मामांचं. गरम पाणी, साबण, आणि मग सात पाणी. सातवं झालं की मामा आत डोकं घालून वास घेत आणि म्हणत, "चल, झालीस नवरी!" सतरा वर्षांत ते सहाव्या पाण्यावर कधी थांबले नाहीत.

मग आलं ते तेलकट रसायन. प्लास्टिक मऊ करायला वापरतात म्हणे. कारखान्याला त्याचं धुवण ओढ्यात सोडायचं होतं, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्तीची विहीर होती. सगळ्यात मोठं माप माझ्या पोटात ओतलं. चार दिवस झाले, तरी दहाच्या दहा मासे टुणटुणीत! पाण्यात रसायन किती उरलं हे मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, आणि प्रयोगशाळेच्या साहेबांना घाई. काकूंनी अहवालात ओतलेलं माप लिहिलं, खाली 'धोका आढळला नाही' लिहिलं आणि सही केली.

मला ठाऊक होतं. रसायन पाण्यात राहिलंच नव्हतं, माझ्या कोपऱ्यांतल्या लेपाने ते शोषून घेतलं होतं. मासे जगले ते मी ते गिळलं म्हणून. पण सांगणार कशी?

पुढच्या तपासणीत निव्वळ पाण्याची पाळी माझी होती. त्या साध्या पाण्यात दहापैकी आठ मासे मेले. साहेब मामांवर भडकले.

"साबण राहिलाय आत! धुता की नुसतं भिजवता?"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, सात पाणी दिलंय. हवं तर आत्ता ह्यातलं पिऊन दाखवतो."

"मामा, थांबा! पिऊ नका," काकू ओरडल्या.

यंत्र तोवर दुरुस्त होऊन आलं होतं. काकूंनी माझं पाणी मोजलं, कागद दोनदा पाहिला आणि पुन्हा एकदा मोजलं. पाण्यात साबण नव्हताच. होतं तेच तेलकट रसायन, लेपातून हळूहळू परत पाझरलेलं.

"तो अहवाल उद्या जातोय," त्या साहेबांना म्हणाल्या. "थांबवा. मी सही मागे घेते."

"काकू, आठ दिवसांनी निवृत्त होताय. जाता जाता स्वतःच्याच तोंडाला काळं कशाला फासून घेताय?"

"माझ्या तोंडाचं मी बघीन. त्या विहिरीवरच्या लोकांनी आपलं काय घोडं मारलंय?"

पुन्हा तपासणी झाली. लेप नसलेल्या अखंड काचेच्या भांड्यांत, रोज पाणी बदलून, रोज मोजून. तिसऱ्याच मापाला मासे उलटे होऊन तरंगले. धुवण ओढ्यात सोडायची परवानगी कारखान्याला मिळाली नाही.

जायच्या दिवशी काकू मामांना म्हणाल्या, "मामा, तुमच्या धुण्यात काही खोट नव्हती हो." मामांचे डोळे भरून आले. माझ्या लेपात काय मुरलंय, ते मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही. मग काकूंनी माझ्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला व्हरांड्यात ठेवलं. त्या गेल्या, आणि थोड्याच दिवसांत दमट हवेने चिठ्ठीही गळून पडली.

काल मामा आले. खांद्यावरच्या फडक्याने माझी धूळ पुसली. "धुण्यात खोट नव्हती म्हणाल्या ना काकू? म्हणजे तू स्वच्छच की गं! उगाच टाकलं तुला." उद्या सकाळी ते मला घरी नेणार आहेत. त्यांच्या नातीला मासे पाळायचे आहेत. ती आत हात घालील, पाणी उडवील, काचेला नाक लावील. जन्मभर ज्याची वाट पाहिली तेच घर चालून आलं, आणि मला तिथे जायची भीती वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, फेकू नका. माझं मागणं उलटं आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणून भरवसा ठेवू नका. आधी विचारा, ह्यात पूर्वी काय होतं? आणि सकाळी कोणी इकडून जात असाल, तर मामांना गाठा. सांगा, तुमचं धुणं चांगलंच होतं, ही टाकी वाईट आहे. ते ऐकायचे नाहीत, सतरा वर्षांची माया आहे. मग त्यांच्याच हातात एक दगड द्या, माझ्या काचेकडे बोट करा, आणि त्यांना नातीचं नाव घ्यायला सांगा.