हात ठेवला की गप्प होणारा ढोल

टप्.

भर दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. पाळण्यातलं बाळ नुकतंच झोपलं होतं, आईचं शिवणयंत्र थांबलं होतं, पंखासुद्धा आळसावल्यासारखा फिरत होता. आणि शिवणाच्या डब्यातलं एक निळं बटण घरातल्या थोरल्या लेकीच्या बोटांतून निसटून माझ्या कातड्यावर पडलं. आवाज तो केवढासा. पण पोकळ पोटाच्या प्राण्याची झोप मोडायला तेवढा पुरतो. तो आवाज माझ्या आत कितीतरी वेळ गोल गोल फिरत राहिला, आणि त्याच्यामागून एकेक जुनी गोष्ट डोळे चोळत उठून बसली.

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. आज मला पाहाल तर ढोल म्हणणार नाही, टेबल म्हणाल. खिडकीखाली एक तोंड वर आणि एक तोंड खाली करून मला ठेवलंय. अंगावर दुधाच्या पेल्याची वर्तुळं आहेत, खडूचा एक हत्ती आहे, आणि बाळाच्या धुतलेल्या लंगोटांची घडी बहुतेक माझ्यावरच घातली जाते. मला त्याचं वाईट वाटत नाही. खूप गर्जून झालेल्याला मऊ कपड्यांचं ओझं बरं वाटतं.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे लाकडाचा भुसा उन्हात तरंगायचा आणि सरसाचा उग्र वास यायचा. मला घडवणारा कारागीर फार कमी बोलायचा. त्याने वाफेवर फळी वाकवली, तिला गोल केलं, दोन्ही बाजूंना कातडी चढवली आणि दोऱ्या अशा ओढल्या की माझा श्वास कोंडला. मग त्याने मला एकच ठोका दिला आणि लगेच पंजा पसरून माझ्यावर ठेवला. मी गप्प झालो. तो प्रत्येक ढोल असाच पारखायचा. बायको त्याला चिडवायची, सगळं जग ढोल वाजवून बघतं, तुम्ही तेवढे गप्प करून बघता. तो हसायचा. म्हणायचा, "वाजणं त्याच्या रक्तातच आहे गं. हात ठेवल्यावर थांबतो का, ते बघावं लागतं."

तेव्हा मला त्याचा राग यायचा. वाजायला जन्मलेल्याला थांबण्याचं काय कौतुक?

तिथून मी एका कॉलेजात आलो. मैदानाच्या एका टोकाला, गोलपोस्टच्या अगदी मागे, प्रेक्षकांच्या पायऱ्या होत्या. त्यातल्या सर्वांत खालच्या पायरीवर, कठड्याला टेकून, माझी जागा ठरली. काय दिवस होते ते. माझ्या एका ठोक्यावर अख्ख्या पायऱ्या टाळी द्यायच्या. पावलं, घोषणा, शिट्ट्या, सगळं माझ्या तालावर. आमची पोरं जिंकू लागली, आणि कुणीतरी त्याचं श्रेय मला देऊन टाकलं. मग त्या श्रेयाची समजूत झाली आणि समजुतीचा नियम झाला. सुरुवातीच्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ढोल थांबता कामा नये. ढोल थांबला की आपल्यावर गोल बसलाच म्हणून समजा. भौतिकशास्त्राची पोरंसुद्धा हे छातीठोकपणे सांगायची.

मला वाजवायचा तो पैलवान. नावालाच पैलवान, खरं तर थोडा पळाला तरी धापा टाकायचा, पण त्याचे हात माझ्यासाठीच घडवल्यासारखे होते. तो थकला की त्याची जोडीदार न चुकता ताल उचलायची. ती एवढीशी होती, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. मुलीच्या हातात ढोल द्यायला पायऱ्यांवरचे कितीतरी जण तयार नव्हते. ढोल आहे, पोळपाट नाही, असं एक जण म्हणालाही होता. चिमणीने त्याला विचारलं होतं की तुला दोन्हींतलं काय येतं. त्यानंतर तो दुसऱ्या टोकाला बसू लागला.

तरीही ती कायम जोडीदारच राहिली होती. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मला उचलून पायऱ्या उतरताना पैलवानाचं मनगट मुरगळलं, आणि पूर्ण सामना वाजवायची संधी तिला मिळाली. ती संधी म्हणजे काय, ते तिच्या हातांना कळत होतं. घामेजलेले तळवे ती सारखी ओढणीला पुसत होती. पायऱ्यांवरचा प्रत्येक जण येऊन तिला बजावून गेला, ताल चुकला तरी चालेल, थांबायचं मात्र नाही. थांबलीस तर पुन्हा ढोलाला हात लावायचा नाही.

तिचा सख्खा भाऊ त्या दिवशी आमच्याकडून पुढच्या फळीत खेळत होता. आणि समोरच्या कॉलेजचा गोलकीपर उत्तरार्धात नेमका आमच्या पुढ्यात, हात लांबवला तर टोपी काढता येईल इतक्या जवळ उभा होता. उंच, पिवळ्या जर्सीतला पोरगा. त्या मोसमात त्याच्यावर क्वचितच गोल झाला होता, म्हणून आमच्या लोकांनी त्याचं नाव भिंत ठेवलं होतं. मग काय, सारखी भिंतीची चेष्टा. भिंतीला ओल आलीय. भिंतीला चुना लावा. ए भिंत, तुझ्यावर कॅलेंडर टांगू का? तोही बेरका होता. आम्हाला डिवचायला प्रत्येक चेंडू अडवल्यावर आरामात आडवा पडायचा, जणू आईने दुपारी झोपवलंय. पायऱ्या ओरडायच्या, तो एक डोळा उघडून बघायचा आणि उठायचा. खरं सांगतो, मला तो आवडू लागला होता.

आम्ही एका गोलने पुढे होतो. संध्याकाळचं ऊन गवतावर लांब पडलं होतं, सामना सरत आला होता, आणि सगळं कसं स्वप्नात घडल्यासारखं सावकाश वाटत होतं. चिमणीचा भाऊ चेंडू घेऊन धावत आला. भिंत त्याच्या पायांत झेपावली. चेंडू सुटला, भावाचा गुडघा कुठेतरी लागला, आणि पिवळी जर्सी गवतावर आडवी झाली.

पायऱ्या हसल्या. झोपला बघा भिंतोबा. माझ्या तालावर टाळ्या सुरू झाल्या, ऊठ, ऊठ, ऊठ. तो उठला नाही. एक डोळाही उघडला नाही. लोकांना वाटलं, आज नाटकाला रंग चढलाय.

पण आम्ही कठड्याशी होतो. चिमणी वाजवत होती आणि बघत होती. तिचा भाऊ दोन्ही हात डोक्यावर घेऊन पांढराफटक उभा होता. त्यांचे डॉक्टर गुडघ्यांवर बसून पोराला काही विचारत होते. पोराचे ओठ हलत होते. डॉक्टरांनी कान त्याच्या तोंडाशी नेला, मान हलवली, पुन्हा विचारलं, पुन्हा कान नेला. ऐकू येत नव्हतं. मीच येऊ देत नव्हतो ना. इतक्यात मदतनीस त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवायला वाकले, कारण पडलेल्याला बाजूला न्यायचं आणि खेळ सुरू करायचा, हीच तिथली रीत होती.

चिमणीचा हात वर गेला. तो हवेत असताना किती काळ लोटला ते मला सांगता येणार नाही. मग तो ठोका होऊन आला नाही. पंजा पसरून आला आणि माझ्यावर टेकला. दुसराही आला. त्या तळव्यांतून तिच्या छातीची धडधड मला लागत होती.

पण मित्रांनो, ढोलाला दोन तोंडं असतात. एक गप्प झालं तरी दुसरं घुमत राहतं. शेजारी बसलेला पैलवान दात आवळून म्हणाला, "वाजव, चिमणे. वाजव ना, बाई." तिने नुसती हनुवटीने डॉक्टरांकडे खूण केली. त्याने पाहिलं. आणि आपला बँडेज बांधलेला, सुजलेला हात त्याने माझ्या दुसऱ्या तोंडावर ठेवला.

आता मी पुरता थांबलो. माझ्यावर टांगलेल्या टाळ्या आधी अडखळल्या, मग दोरा तुटलेल्या मण्यांसारख्या इकडेतिकडे ओघळल्या, मग विरल्या. मागून कुणी शिवी हासडली, कागदाचा एक बोळा येऊन चिमणीच्या पाठीवर आपटला. तिने हात काढला नाही. आणि त्या शांततेत, मोठ्या मैदानात, एक बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"उचलू नका मला. हात जाणवत नाहीयेत."

काखेतले हात जागच्या जागी थांबले. डॉक्टरांनी पोराचं डोकं दोन्ही बाजूंनी अलगद धरलं आणि कुणालाही त्याला हलवू दिलं नाही. स्ट्रेचर आलं. त्याला त्यावर घेतलं ते इतकं जपून की झोपलेल्या तान्ह्यालाही जाग आली नसती. पायऱ्यांवरचा एकेक जण उभा राहिला. टाळी कुणी वाजवली नाही. आपल्या आवाजाने त्याला काही होईल अशी भीतीच वाटली असावी.

समोरच्या बाजूने एक बाई घाईघाईने येत होत्या. खांद्याला ऑफिसची पिशवी, एक चप्पल हातात. पोराची आई. रुग्णवाहिकेकडे जायची वाट आमच्या पायऱ्यांवरूनच होती. इतका वेळ चुना लावा म्हणणाऱ्यांनी पाय आवरून त्यांना वाट दिली. कॅलेंडरवाल्याने पिशवी धरली, आणखी कुणी हाताला धरून खाली उतरवलं. माझ्यापाशी त्या क्षणभर थांबल्या. चिमणीचे हात अजून माझ्यावरच होते.

"अजून थोडा वेळ असेच राहू दे, बाळा," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मी त्या सामन्यात पुन्हा वाजलो नाही. आणि आम्ही हरलो. आधी बरोबरी झाली आणि अगदी शेवटी दुसरा गोल बसला. समजूत खरी ठरली म्हणायला लोक मोकळे झाले. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायलाच हवं होतं, ते चिमणीच्या फुटलं. ढोल तिच्याकडून काढून घेतला गेला, आणि ढोलही अपशकुनी ठरल्यामुळे माझी रवानगी खेळाच्या सामानाच्या खोलीत झाली. फाटक्या जाळ्या, हवा गेलेले चेंडू आणि एक आगाऊ उंदीर, एवढाच माझा गोतावळा.

चिमणी तिथे एकदाच आली. माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि कुजबुजत सांगत राहिली. घरी दादाने तिच्याशी अबोला धरला होता. ताटावरसुद्धा तो समोर बसायचा नाही. मग एका सकाळी त्याने आपल्या चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मी त्याला बघून आलो. बोटं हलवतोय. म्हणत होता, तुमचा ढोल थांबला तेव्हा वाटलं, मी मेलोच की काय." हे सांगताना चिमणी हसली, आणि मग माझ्या कातड्यावर दोन थेंब पडले. कातड्याला ओल वाईट, हे तिला ठाऊक होतं. तिने ते लगेच ओढणीने पुसले.

पुढची वर्षं धुळीची. त्यांचं काय सांगू? दोऱ्या सैल झाल्या, पोटात कोळ्याने जाळं विणलं, मी झोपून राहिलो.

मला जागं केलं ते पैलवानाने. तो आता त्याच कॉलेजात खेळाचा शिक्षक झालाय, धापा मात्र तशाच. खोली आवरायला निघाली तेव्हा मला भंगारात टाकू न देता तो स्कूटरवर बांधून इथे घेऊन आला. चिमणी आता दोन लेकरांची आई. घरीच शिवणकाम करते, आणि बाळ झोपलं की जेवढा वेळ हाती लागेल तेवढ्यात एखादी बाही जोडते. पैलवान दारातच म्हणाला, जागा नसली तर नाही म्हण, पण भंगारात जाऊ देणार नव्हतो. मग चहा पिता पिता त्याने सांगितलं की पायऱ्यांवर आता नवा ढोल आहे. कुणीही पडला, कुठल्याही रंगाच्या जर्सीतला, की वाजवणारा पोरगा त्याच्यावर हात ठेवतो आणि शेजारचा दुसऱ्या तोंडावर ठेवतो. का, ते पोरांना माहीत नाही. आधीपासून असंच करतात, एवढंच ती सांगतात.

"आणि तो भिंत?" चिमणीने विचारलं.

चालतो, एवढं पैलवानाला कळलं होतं. पुन्हा खेळला का, ते माहीत नव्हतं.

मित्रांनो, मी म्हातारा ढोल तुमच्याकडे काय मागणार? आपल्यांसाठी जरूर वाजा. घसा बसेपर्यंत ओरडा, समोरच्याची खुशाल चेष्टा करा. त्याशिवाय खेळाला मजा नाही. पण कुणी पडला तर एक हात आपल्या आवाजावर ठेवायला विसरू नका. एकट्याने ठेवून भागत नाही, दुसऱ्या तोंडावर ठेवणारा शेजारीही लागतो. तो शेजारी तुम्हीच व्हा. पडलेल्याचा आवाज फार बारीक असतो.

असो. आज दुपारी थोरलीने माझ्यावर मैदान मांडलंय. एकीकडे लाल बटणं, दुसरीकडे निळी. आई तिला हळू आवाजात तीच गोष्ट सांगत होती, बाळ उठू नये म्हणून अर्धी हातांनीच. गोष्ट संपली. थोरलीने एका लाल बटणाला टिचकी मारली, ते निळ्यावर आपटलं, आणि निळं उलटं होऊन काठाशी जाऊन पडलं. तिने लगेच दोन्ही तळहात पसरून माझ्यावर ठेवले. केवढेसे ते हात, आणि किती गरम. मी गप्पच होतो, तरी आणखी गप्प झालो.

"आई, हा कोणाचा?"

"निळ्यांचा," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

थोरली त्या बटणाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

"पडलेला असताना पण निळ्यांचाच?"