बॅन्जोला दाद

आमच्या घरात मुलं बोलायच्या आधी ताल धरतात. हे, म्हणजे माझे यजमान पद्माकर, इंग्लंडात लेस्टरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. पण खरा जीव तबल्यात. मी पेटी वाजवते. आमची आश्लेषा गाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. बाईसाहेब युनिव्हर्सिटीत गेल्या आणि बॅन्जो घेऊन परतल्या; आपल्याकडचा बटणांचा नव्हे, गिटारसारखा तारा छेडायचा. ब्लूग्रास म्हणे! अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत. मग त्यातच करिअर केलं, फेस्टिव्हलांचा चिखल तुडवत गावोगाव वाजवलं.

हे तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला जायचे आणि शेवटपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

परवा लेस्टरलाच तिचा कार्यक्रम होता. मध्यंतरात मी आत गेले, तर पोर बॅन्जो मांडीवर घेऊन उदास बसलेली.

"आई, बाबांना माझं म्युझिक आवडत नाही ना? तबला शिकायला येणाऱ्या किड्सनापण ते 'वा' म्हणतात. आय जस्ट वॉन्ट वन. एकच."

माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन यांना धारेवर धरलं.

"अहो, लेकीचं कौतुक केलं तर जीभ झिजेल का तुमची?"

"तिनेच बंदी घातलीय," हे म्हणाले. "शाळेच्या कॉन्सर्टमध्ये मी मोठ्याने 'वा' म्हणालो, सगळे वळून बघायला लागले. घरी येईपर्यंत कारमध्ये रडत होती. परत कधी करणार नाही, असा शब्द दिला मी तिला."

"अहो, लहान होती ती! आता त्याच 'वा'साठी रडकुंडीला आलीय."

हे हळूच म्हणाले, "इतकी वर्षं नुसता मांडीवर ठेका धरतोय गं." मला हसू आलं आणि रडूही.

मध्यंतरानंतर आश्लेषा एकटीच माइकपुढे आली. आधी संथ, मग बोटं अशी धावायला लागली की मी श्वास रोखला. हॉल चिडीचूप. एक अवघड वळण घेऊन ती, आमच्या भाषेत सांगायचं तर, अलगद समेवर आली.

"वा! क्या बात है!"

सगळा हॉल वळला. जुन्या धाकाने यांनी मान खाली घातली. आश्लेषाचे हात थांबले.

आमच्या मैफलीत दाद मिळाली की कलाकार ती जागा पुन्हा घेतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती बघतच वाढली होती. तिने मनगटाने डोळे पुसले, बाबांनी मान वर करेपर्यंत वाट पाहिली आणि तीच जागा पुन्हा घेतली.