सुरतेचे गठ्ठे

“आप्पा, उचला की! गाडी काय तुमच्यासाठी थांबतीया?” मुकादम भरमू ओरडला. जोतिरामने सुरतेहून आलेला साड्यांचा गठ्ठा पाठीवर घेतला आणि बेळगाव स्टेशनाबाहेरच्या टेम्पोकडे निघाला.

रेल्वेमुळे देशाचे कारखाने वाढले म्हणतात. वाढले असतील बापडे. बेळगावातल्या विणकरांच्या वडगावात मात्र तिने स्वस्त साड्या आणून ओतल्या. जोतिरामचे दोन यंत्रमाग भंगारात गेले आणि ज्या साड्यांनी पोटावर पाय दिला, त्याच वाहून तो पोट भरू लागला. घरात उरला होता वडिलांचा हातमाग.

त्यावर स्वरूपाच्या, त्याच्या लेकीच्या, लग्नाची साडी चढवलेली होती. खानापूरकडच्या विहीणबाईंनी, गुणाबाईंनी, हुंडा नको म्हटलं, मानपान नको म्हटलं. “फकस्त पोरीच्या अंगावर बापाच्या हातची साडी पायजे बघा,” एवढंच त्यांचं मागणं. त्या दिवशी जोतिरामला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण लग्नसराईत गठ्ठे संपेनात. खाडा केला तर भरमू दुसरा माणूस बघणार. अखेर एका सुटीला तो मागावर बसला. तुटलेला धागा सांधायला गेला, तर रेशीम त्याच्याच बोटांना अडकलं. सोडवलं, तर पुन्हा तुटलं. गठ्ठ्यांच्या गोणपाटाने आणि सुतळीने हात खरवडून खरखरीत झाले होते. अंबूबाईने नवऱ्याच्या तळहातांना साय चोळली, तेल चोळलं. काही उपयोग झाला नाही.

“हात मऊ पडूस्तोवर हमाली सोडा की.”

“आणि खायाचं काय गं?”

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जोतिराम नुसता बसून राहिला. मग त्याला रडू फुटलं. स्वरूपा जवळ येऊन म्हणाली, “आप्पा, ऱ्हाऊ दे. दुकानातली आणू.”

दुकानात साडी सुरतेचीच मिळाली. तो गठ्ठाही बहुधा त्यानेच उतरवला असेल.

मांडवात गुणाबाईंनी नव्या सुनेचा पदर चार बायकांपुढे धरला. “बघा गं, बापानं विणलीया. असली दुकानात गावंल व्हय?”

जोतिरामला राहवेना. खरं सांगून टाकावं म्हणून तो पुढे झाला. “विहीणबाई, ही साडी...”

“आप्पा लई दिवस बसलेत मागावर,” स्वरूपा मध्येच म्हणाली. तिने बापाकडे पाहिलं नाही.

बायका कौतुकाने त्याच्याकडे वळल्या. जोतिरामने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तो तसाच उभा राहिला.