चिंचोक्याएवढे बेडूक

शुक्रवार पेठेतील गुरप्पा यांचे अवघे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात सरले. चादरींचा तो कारखाना बंद पडला आणि निद्रेने त्यांच्याशी जणू अबोला धरला. घरात शांतता पसरली की ते कुशी बदलीत पडून राहत. डॉक्टरांच्या गोळ्यांनीही हात टेकले होते.

त्यांचा मुलगा विरेश हा मोठा पितृभक्त. वडिलांना गाढ झोप लागावी, याखेरीज दुसरी इच्छा त्याच्या मनी नव्हती.

श्रावणात मागल्या बोळातला नळ गळू लागला, त्याखाली डबके साचले, आणि तिन्हीसांजेपासून तेथून ‘कर्रर्र कट, कर्रर्र कट’ असा कर्कश नाद उठू लागला. विरेश कामावरून परते, तेव्हा गुरप्पा बाजेवर डोळे मिटून पडलेले असत आणि त्यांची बोटे पांघरुणावर सारखी हलत. वडील या गोंगाटाने बेजार झाले आहेत, असा तर्क करून तो जेवून माडीवर निजावयास जाई. प्रत्यक्ष विचारावे, हे त्यास सुचले नाही.

“एवढा आवाज म्हणजे बेडूक पण तसलाच दांडगा असणार,” त्याची पत्नी रेश्मा म्हणाली. “काठीनं हाकला की.”

विरेशने काठीने डबके ढवळले. परंतु दांडगा असा कोणी दिसेना. अखेरीस त्याने फिनेलची बाटली त्यात रिती केली आणि नळालाही नवा वायसर बसविला.

सकाळी बोळ झाडताना चिखलात चिंचोके सांडल्यासारखे दिसले. त्याने एक उचलला. त्यास चार पाय होते, आणि पाठीवर तपकिरी नक्षी, चादरीच्या किनारीसारखी. एवढ्याशा देहातून तेवढा नाद निघत होता, यावर त्याचा विश्वास बसेना. मनात काहीसे खटकले. तथापि तो आत गेला.

“अप्पा, आता निवांत झोपा. बेडकांचा बंदोबस्त केलाय.”

गुरप्पा उठून बसले. “कशाला रं? कुनाचं काय खाल्लं हुतं त्यांनी?”

“तुमाला तरास व्हायचा की. बोटं हलायची तुमची.”

“मी मागावर असायचो. त्यो आवाज आला की वाटायचं, कारखाना चालू हाय. मधीच एखादा गप झाला की धागा तुटला म्हनून बोट जायचं. मग कवा डोळा लागायचा, कळायचं न्हाय.”

“मला सांगायचं तरी.”

“काय सांगू? बेडूक मला निजवत्यात म्हनून? पेठ हसली असती.”

विरेश त्याच दिवशी शहराबाहेरच्या एका विहिरीवर गेला आणि हाती लागले ते बेडूक बादलीत घालून घेऊन आला. संध्याकाळी बोळात ‘डराँव, डराँव’ सुरू झाले.

“हे कोन पावनं?” गुरप्पांनी विचारले.

“त्यांचेच भाऊबंद आहेत, अप्पा.”

“आसतील. पर ह्यांचं काम लई सावकाश हाय. ह्यांच्यानं एक चादर व्हायची न्हाय.”

ते हसले, आणि ते हसणे विरेशच्या काळजाला रागापेक्षाही अधिक लागले. सकाळपर्यंत पाहुणेही निघून गेले होते.

मग त्याने नळाचा वायसर काढून टाकला. पाणी वाया जाते म्हणून रेश्मा कुरकुरली. डबके पुन्हा भरले. यथावकाश फिनेलचा वासही गेला. आता तो माडीवर न जाता तिन्हीसांजेस बाजेच्या पायथ्याशी बसतो आणि बोळाकडे कान देतो. नळ तेवढा टपटपतो. पांघरुणावर वडिलांची बोटे निश्चल असतात, आणि डोळे उघडे.