उजव्या कानावरचा गजरा

"आंघोळीच्या वेळी काढायला विसरला असाल, पाट्टी," असे सेवाकेंद्राचा व्यवस्थापक आजीला समजवावे तसे पुन्हा एकदा म्हणाला, तेव्हा धनलक्ष्मीबाईंनी डाव्या कानातले श्रवणयंत्रही काढले आणि काउंटरवर, बंद पडलेल्या उजव्या यंत्राच्या शेजारी ठेवले. आता त्यांना जवळपास काहीच ऐकू येणार नव्हते. पण ऐकण्याजोगे तो काही बोलतही नव्हता.

"ही दोन्ही एकाच दिवशी घेतली," त्या तमिळमध्ये, सावकाश, पूर्वी वर्गात बोलत तशा बोलल्या. "दोन्ही एकाच डोक्यावर असतात. डावं ठणठणीत आहे. मी न्हाताना माझं डोकं अर्धंच भिजतं, असं म्हणणं आहे का तुमचं?"

रांगेतले एक गृहस्थ खुदकन हसले. व्यवस्थापकाने न हसता एक कागद पुढे सरकवला. यंत्रात ओल शिरली आहे. हा ग्राहकाचा निष्काळजीपणा. वॉरंटी लागू नाही. मात्र 'चूक माझी' एवढ्यावर सही केल्यास नवे यंत्र सवलतीत मिळेल. त्याच्या मागच्या भिंतीवर कंपनीचे भलेमोठे चित्र होते: मनमोकळी हसणारी एक बाई, अंबाड्यावरून कानापर्यंत उतरलेला मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, भरघोस गजरा, आणि त्याआड जेमतेम दिसणारे यंत्र. बाईंनी त्या चित्राकडे एकवार पाहिले, डावे यंत्र कानात बसवले आणि पेन परत केले.

"सवलत चुकलेल्यांनी घ्यावी. माझं काही चुकलेलं नाही."

त्या एग्मोरच्या गर्दीत बाहेर पडल्या, तेव्हा उजवीकडून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. रिक्षावाला काय ओरडला, तेही ऐकू आले नाही. त्याचा चेहरा पाहून आशय मात्र पुरेसा कळला.

धनलक्ष्मीबाईंचे घराणे तंजावरचे. पिढ्यान्‌पिढ्या कावेरीचे पाणी पिऊन त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चालू लागली होती. त्यांनी स्वतः तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि पुढे मुलींच्या तंत्रनिकेतनातच प्रयोगशाळा सांभाळली. दोष शोधायला बसलेल्या मुलीला त्यांचा एकच दंडक असे: सोयीचे कारण सापडले म्हणून थांबायचे नाही, खरे कारण सापडेपर्यंत मंडल, म्हणजे सर्किट, उघडेच ठेवायचे.

यजमान गेल्यावर सैदापेटेतल्या छोट्या घरात त्या एकट्या राहू लागल्या. यजमान गेले त्या आठवड्यात धाकट्या भावाने, बालाजीरावांनी, खाली मान घालून सांगितले होते, "अक्का, आतां फुलं नको. लोक बोलतील." बाईंनी तेरावा होऊ दिला आणि चौदाव्या दिवशी फुलवाल्या सुंदरीला हाक मारली. यजमानांनी बाजारातून भाजी विसरून यावे, पण फुले कधी विसरली नव्हती. त्यांच्याबरोबर फुलांनीही जावे, हे बाईंना पटले नव्हते. भावजय तुळसी तेव्हापासून धुमसत होती. भाऊ वकील, दोन्ही पक्षांचे ऐकून तारीख पुढे ढकलणे त्याला जमत असे.

पण आता तारीख ढकलणे अवघड झाले होते. बाईंचा डावा कान मुळात अधू. सगळी भिस्त उजव्यावर, आणि उजवा यंत्रावाचून दगड. एके दुपारी बालाजीराव दाराची घंटा वाजवून वाजवून थकले. शेजारणीच्या गच्चीवरून डोकावले, तर अक्का स्वयंपाकघरात शांतपणे डोशाचे पीठ ढवळत होत्या.

"आमच्याकडे चला रहायला," त्याच संध्याकाळी तुळसीचा फोन आला. स्पीकरवर लावूनही बाईंना निम्माच कळला. उरलेला निम्मा त्यांना पाठ होता. "ऐकू येत नाहीं, एकट्या कशा राहाल? आणि वन्सं, आमचं घर देवाधर्माचं आहे. इथं थोडं रीतीनं असावं लागेल."

रीतीने म्हणजे गजऱ्यावाचून. हे न सांगताच समजण्यासारखे होते. कान गेला तर घर जाणार, आणि घर गेले की डोक्यावरची फुले. नवे यंत्र घ्यायला पेन्शन पुरणार नव्हती, आणि सवलतीत घ्यायचे तर नसलेली चूक पदरात घ्यावी लागणार होती. बाईंनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. मसुदा बालाजीरावांनी केला. त्यात बाईंनी आपल्या हाताने एक वाक्य घातले: यंत्राला पाण्याचा स्पर्शही झालेला नाही.

"वकील लागत नाहीं ना तिथं?" त्यांनी विचारले.

"लागत नाहीं. पण मी आहे की."

"तूं मागच्या बाकावर बैस. बोलेन मी."

सुनावणीच्या आदल्या सकाळी सुंदरी नेहमीप्रमाणे आली. पूर्वी ती गल्लीच्या तोंडाशी "पू, पू", म्हणजे फुलं, फुलं, अशी हाळी देई आणि बाई दारात येऊन उभ्या राहत. हल्ली तिला खिडकीपाशी येऊन गजांतून हात हलवावा लागे. टोपलीतल्या ओल्या फडक्याखालून तिने गजरा काढला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मापला आणि वर मूठभर फुले जास्तीची सोडली. बाईंनी केळीच्या पानातला तो गजरा उचलला, तसे गार पाण्याचे थेंब त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले.

बाई तशाच उभ्या राहिल्या.

मग त्या आरशापुढे गेल्या. गजरा माळायची त्यांची रीत चाळीस वर्षांची: मधला भाग अंबाड्यावर, आकडा उजवीकडे, सुटे टोक उजव्या कानामागे. नेमके जिथे यंत्र बसते तिथे. डाव्या बाजूला फुलाची पाकळीही नाही. फुले विकणारी ती ताजी राहावीत म्हणून पाणी शिंपडते, माळणारी ती ताजी आहेत म्हणून माळते, आणि पाणी आपल्या स्वभावाने खाली उतरते. मंडल पूर्ण झाले होते. दोष सापडला होता आणि तो त्यांच्याच डोक्यावर बसलेला होता.

"कुणाला सांगूं नको," बालाजीराव ऐकताच म्हणाले. कागदपत्रे बघायला म्हणून ते आले होते. ती त्यांनी घाईने पिशवीत घातली, जणू कागदांनाही कान असावेत. "डावं चालतं, उजवं बंद, एवढ्यावर आंघोळीचा आरोप टिकत नाहीं. आपलं काम झालं. ओल कशी आली हे दाखवणं त्यांचं काम."

"आणि विचारलं तर?"

"कोण विचारेल? उद्यां फुलं न माळतां ये. तक्रारीत तुझ्या नांवापुढं कैलासवासी अमक्यांची पत्नी असं लिहिलंच आहे. विधवेच्या डोक्यावर फुलं असतील हें त्यांच्या स्वप्नांतही येणार नाहीं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला की त्या चष्मा पुसत, हे भावाला ठाऊक होते. म्हणून तो खुर्चीत जरा मागे सरकला.

"इतकी वर्षं माझी फुलं तुमच्या घशांत कांट्यासारखी रुतत होती. आज माझं वैधव्य एकदम कामाला आलं, होय? उसनं मागायला आलास तें."

"अक्का, कायदा बोलतोय मी."

"मी यंत्राबद्दल बोलत आहे. पोरींना काय शिकवलं मी? सोयीचं कारण घ्या आणि झाकण लावा?"

"पण तूंच लिहिलंस, पाण्याचा स्पर्श नाहीं! आतां उलट बोललीस तर खोटी ठरशील."

"न बोलले तर खोटी होईन," बाई म्हणाल्या. "अस्की गोष्ट सांगेन, सगळीच्या सगळी. तुज कॉफी पाहिजे कां?"

आयोगाच्या दालनात पंख्यांची घरघर होती. बाई पहिल्या रांगेत बसल्या, डावा कान पुढे करून. निळ्या सुती साडीवर पांढराशुभ्र, भरघोस गजरा होता. रोजच्यापेक्षा एक हात अधिकच. बालाजीरावांनी तो व्हरांड्यातच पाहिला होता, आणि बुडत्या माणसाने काठ गाठावा तसा मागचा बाक गाठला होता.

अध्यक्षांच्या शेजारी एक महिला सदस्य होत्या. कंपनीचे वकील तरुण, चुणचुणीत. प्रकरण पुकारले गेले आणि बाई उभ्या राहिल्या.

"माझ्या तक्रारीतलं एक वाक्य चुकीचं आहे. ते आधी दुरुस्त करते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "पाण्याचा स्पर्श झाला नाही, असं मी लिहिलं होतं. झाला आहे. मी रोज फुलं माळते. गजऱ्यातलं पाणी उजव्या कानामागे उतरत राहिलं. काल सकाळी ते माझ्या लक्षात आलं."

वकिलांचा चेहरा असा उजळला की घरी दिवा लावायची गरज पडू नये. "मग प्रश्नच मिटला! निष्काळजीपणा तक्रारदारांनी स्वतःच कबूल केला."

"कारण कबूल केलं. निष्काळजीपणा नाही." बाई त्यांच्याकडे वळल्या. "सांगितलेली काळजी जो घेत नाही, तो निष्काळजी. मला काय सांगितलं होतं, ते वाचून दाखवा. जरा मोठ्यानं. माझा एक कान तुमच्याकडे दुरुस्तीला आहे."

सदस्यबाईंनी ओठ मुडपून हसू आवरले. वकिलांनी माहितीपुस्तिका उघडली. "यंत्र पाण्यापासून दूर ठेवा. आंघोळ करताना, पोहताना आणि केस वाळवण्याचे यंत्र वापरताना काढून ठेवा."

"पोहताना," बाई म्हणाल्या. "या वयापर्यंत मी पाण्यात पोहले नाही. केस उन्हात वाळवते. फुलं मात्र रोज माळते. माझ्या गल्लीतल्या बायका माळतात, तुमच्या घरातल्याही माळत असतील. या शहरात कानाचं यंत्र विकायला आलेल्या कंपनीला पोहणं आठवलं आणि फुलं आठवली नाहीत?"

"पाण्यापासून दूर म्हणजे कोणत्याही पाण्यापासून. हे सामान्य ज्ञान आहे."

"असं असेल तर तुमच्या कंपनीला ते नसावं." बाईंनी फोनवर काढून ठेवलेला फोटो पुढे केला. "हे त्यांच्या एग्मोरच्या सेवाकेंद्रातल्या भिंतीवर आहे. कालच जाऊन काढला. या बाईंचा गजरा कुठे आहे आणि यंत्र कुठे आहे, पाहावं."

फोन अध्यक्षांकडून सदस्यबाईंकडे गेला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला; मग नकळत त्यांचा हात आपल्या वेणीकडे गेला. तिथेही मल्ली होती.

वकील आता घाईत आले. घाईत माणूस जवळचा दरवाजा उघडतो, तो कुठे जातो हे न पाहता. "ती जाहिरात आहे, मॅडम. जाहिरातीतल्या मॉडेलचं वेगळं. तक्रारदार वयस्कर आहेत, आणि तक्रारीवरूनच दिसतं की त्यांचे पती हयात नाहीत. अशा ग्राहक रोज फुलं माळतील, ही अपेक्षा कंपनीनं कशी करावी? हा सर्वसाधारण वापर म्हणता येणार नाही."

मागच्या बाकावर काहीतरी खाली पडले. बालाजीरावांच्या हातातली फाइल होती ती. त्यांनी काल घरात केलेला युक्तिवाद परक्या तोंडून, भरदिवसा, चारचौघांत ऐकला होता. आणि तो असा ऐकू येतो हे त्यांना माहीत नव्हते.

बाईंना मात्र फाइल पडल्याचे ऐकू आले नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"यंत्र विकताना मला नवरा आहे का, असं कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीच्या वेळी का विचारता? वॉरंटी यंत्राला दिली होती की कुंकवाला?"

सदस्यबाईंनी हातातला फोन खाली ठेवला.

"वकीलसाहेब," सदस्यबाई म्हणाल्या, "हा मुद्दा आपण मागे घेत आहात, असं मी धरते."

"होय, मॅडम."

निकाल त्या दिवशी लागला नाही. आयोगाने तो राखून ठेवला. व्हरांड्यात बालाजीराव बहिणीशेजारून चालत होते. जिन्यापाशी ते थांबले.

"अक्का, गजरा सुटतोय."

बाईंना ऐकू आले नाही. तेव्हा ते डाव्या बाजूला आले आणि मोठ्याने म्हणाले, इतके मोठ्याने की जिन्यावरच्या चार पक्षकारांनी वळून पाहिले, "फुलं सुटत आहेत! नीट माळ!" मग तिच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली आणि ती आकडा लावून होईपर्यंत, लोक बघत असताना, शेजारी उभे राहिले.

काही आठवड्यांनी आदेश आला. दोष ग्राहकाचा नाही. ज्या वापराचे चित्र दाखवून यंत्र विकले, तोच वापर वॉरंटी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. यंत्र विनामूल्य बदलून द्यावे. तुळसीला ही बातमी बालाजीरावांनीच कळवली, आणि अक्का आपल्या घरीच राहील, हेही. त्यावर तुळसी काय म्हणाली ते त्यांनी बहिणीला सांगितले नाही. बाईंनी विचारलेही नाही.

नवे यंत्र घ्यायला त्या एग्मोरला गेल्या. तोच व्यवस्थापक, तेच काउंटर. त्याच्या मागे भिंतीवर चित्राच्या जागी फिकट चौकोन उरला होता.

"पाट्टी, आता फुलं तेवढी कानापासून लांब माळा," यंत्र बसवून देताना तो हळू आवाजात म्हणाला. मनापासून म्हणाला असावा.

कित्येक आठवड्यांत उजव्या कानाने ऐकलेले ते पहिले वाक्य होते.

"चित्र तुम्ही उतरवलंत," बाई म्हणाल्या. "मी आहे तिथंच आहे."

दुसऱ्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी "पू, पू" अशी हाळी आली. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीकडे निघालेली सुंदरी मधेच थबकली, आणि टोपली कमरेवर पेलत हसू लागली. गजरा घरात आणून बाईंनी तो जुन्या टॉवेलात घालून हलकेच दाबला, टॉवेल किती ओला झाला ते पाहिले, पुन्हा एकदा दाबला. दोष कळला होता; आता काळजी घेणे त्यांच्याकडे होते. मग आरशापुढे उभे राहून त्यांनी फुले माळली. मधला भाग अंबाड्यावर, आकडा उजवीकडे, सुटे टोक उजव्या कानामागे.